अंतिम सामना आणि नियमांचें पुस्तक



पांचगणीच्या टेबललँडवर संध्याकाळीं फिरावयास गेलें, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या विस्तीर्ण पठारावर मुलांचे नाना खेळ चाललेले दिसतात. कोठें क्रिकेट, कोठें फुटबॉल. पठाराखालच्या गांवांत मात्र माझ्या लहानपणीं एकच खेळ खरा मानला जाई, तो म्हणजे हुतूतू. त्याला चेंडू लागत नसे कीं जाळें लागत नसे. राखेनें आंखलेल्या रेघा, दोन्ही बाजूंस गडी आणि छातींत दम, एवढें भांडवल पुरे होई.

१९७० च्या सुमारास एका यात्रेंत दोन गांवांचा अंतिम सामना मीं पाहिला. मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. सामना अगदीं रंगांत आला असतां एका पक्षानें प्रतिपक्षाचा गडी मारला, आणि त्याबरोबर त्या पक्षाचा बाहेर बसलेला एक गडी उठून मैदानांत आला. त्यांच्या गांवची रीत तशीच होती : समोरचा एक मेला कीं आपला एक जिवंत व्हावयाचा. दुसर्‍या गांवची रीत निराळी : मेला तो डाव संपेपर्यंत मेलाच. दोन्ही गांवें आपापल्या परीनें खरीं होतीं. शब्दाला शब्द वाढला, सामना मोडला, मानाचा फेटा देवळांत तसाच पडून राहिला, आणि पुढें कित्येक वर्षें तीं गांवें एकमेकांशीं खेळलीं नाहींत.

पुढें शिक्षक झाल्यावर मला वाचून कळलें कीं, ज्या वादानें तो सामना मोडला, तो आमच्याच सातार्‍यांत पन्नास वर्षांपूर्वीं मिटविला गेला होता. हुतूतूच्या त्या काळीं मुख्यतः तीन पद्धती होत्या. संजीवनी पद्धतींत बाद गडी पुन्हां डावांत येई. गनिमी पद्धतींत सर्व संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राही. अमर पद्धतींत कोणीच बाहेर जात नसे, केवळ गुण मोजला जाई. १९१८ ते १९२१ या काळांत सातार्‍यांतील कांहीं क्रीडाप्रेमी मंडळींनीं संजीवनी आणि गनिमी यांचा मेळ घालून नियम बांधले. १९२३ सालीं त्यांत सुधारणा होऊन ते छापले गेले, आणि त्याच वर्षीं बडोद्यास हिंद विजय जिमखान्यानें त्या नियमांवर अखिल भारतीय स्पर्धा भरविली. सातारा जिल्हा तेव्हां फार मोठा होता. आजचा सांगली जिल्हा त्यांतूनच १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला. एवढ्या मुलुखांत गांवोगांवच्या रीती भिन्न असणार, हें उघड आहे.

असाच प्रसंग दूरच्या आयर्लंडवर आमच्या आधीं आला होता. तेथील देशी फुटबॉलांत चेंडू हातांनींही खेळतात आणि पायांनींही. तो खेळही गांवोगांवीं निरनिराळ्या रीतींनीं चाले. मायकेल क्युसॅक नांवाच्या एका शिक्षकानें पुढाकार घेतला, आणि १ नोव्हेंबर १८८४ रोजीं थर्लस या गांवीं देशी खेळांची संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षीं नियम प्रसिद्ध झाले. १८८७ च्या स्पर्धेचा अंतिम सामना २९ एप्रिल १८८८ रोजीं होऊन लिमरिकनें लाउथचा पराभव केला. पुढें चार प्रांतांच्या स्वतंत्र स्पर्धा सुरू झाल्या. १९४७ सालीं अल्स्टर प्रांताचा विजेता कॅव्हन आणि मन्स्टरचा विजेता केरी यांचा अंतिम सामना थेट न्यूयॉर्क येथें झाला. समालोचक मायकेल ओ'हेहिर यांची तारेची मुदत संपत आली, तेव्हां 'आणखी पांच मिनिटें द्या' अशी विनवणी त्यांनीं ध्वनिक्षेपकावरूनच केली, कारण समुद्रापलीकडे घरोघरीं लोक कान लावून बसले होते. कॅव्हननें सामना जिंकला. नियम एक नसते, तर ते घरोघरचे श्रोते कशासाठीं बसले असते?

आमच्या खेळाचाही प्रवास असाच लांबला. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें त्याचें प्रात्यक्षिक दाखविलें. १९५० सालीं अखिल भारतीय संघटना झाली, १९५२ सालीं मद्रासेस पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई खेळांत भारतानें सुवर्णपदक मिळविलें. मात्र या प्रवासांत महाराष्ट्राचा हुतूतू, बंगालचा हाडुडू आणि मद्रासचा चेडुगुडु हीं नांवें मागें पडलीं, आणि कबड्डी हें एकच नांव उरलें.

हें मोल लहान नव्हे. पंच म्हणून गांवोगांवीं जात असतां एका वृद्ध गृहस्थांनीं मला विचारलें, "मास्तर, तुमच्या ह्या पुस्तकांत आमच्या गांवचा डाव कोठें आहे?" ते त्या मोडलेल्या सामन्यांत खेळले होते, आणि 'मेला तो मेला' म्हणणार्‍या गांवचे होते. मला उत्तर सुचलें नाहीं.

आणि पुस्तक झालें म्हणून वाद संपतो, असेंही नाहीं. २०२३ सालीं चीनमध्यें हांगझोऊ येथें भारत व इराण यांचा आशियाई अंतिम सामना २८–२८ असा बरोबरींत असतां थांबला. चढाई करणारा गडी कोणास न शिवतां बाजूच्या राखीव पट्ट्यांत गेला आणि बचाव करणारे त्याच्यामागें गेले, तर बाद कोण? जुना नियम लावावा कीं नवा? सुमारें तासभर खेळ बंद होता. शेवटीं भारतानें ३३–२९ असा विजय मिळविला. तो गोंधळ ऐकतांना मला त्या यात्रेची आठवण झाली. फरक एवढाच कीं, तेथें पंचांनीं पुस्तक उघडलें, वाद घातला, आणि सामना पुरा झाला.

तीं दोन गांवें अखेर तालुक्याच्या स्पर्धेंत पुन्हां समोरासमोर आलीं. पंच मीच होतों. प्रतिपक्षाचा जिवंत होऊन आलेला गडी त्या वृद्ध गृहस्थांच्या गांवाला भोंवला, आणि त्यांचें गांव हरलें. ते उठले, मैदानांत आले, आणि त्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "दम चांगला आहे तुझा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, आज सामना संपला खरा."