परळी–आंबेजोगाई परिसरातील प्राचीन काव्य : रचना आणि सूर

प्राचीन काव्याचा सूर कवीच्या वृत्तीतून आपोआप उमटतो, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. मुकुंदराज रूक्ष, ज्ञानेश्वर मधुर, हा निवाडा तिच्यातूनच निघतो. परळी वैजनाथ व शेजारचे आंबेजोगाई यांच्याशी परंपरेने निगडित असलेले काव्य पाहिले असता ही समजूत अपुरी ठरते.

'विवेकसिंधु' शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात. त्याचे स्थळ आंबेजोगाई की वैनगंगाकाठचे अंभोरे, हा वाद आहे. तो ग्रंथ आणि शके १२१२ मधील 'ज्ञानेश्वरी' यांचा छंद ओवीच. दोहोंची बैठकही अद्वैताची. मग सुरातील अंतर कोठून येते? मुकुंदराज संज्ञांची फोड करतात व गुरुशिष्यसंवादाने शंका निरसतात. ज्ञानेश्वर एका विधानामागे दृष्टान्तांची मालिका उभी करतात व श्रोत्यांना वारंवार साद घालतात. एकाचा सूर पाठशाळेचा, दुसऱ्याचा सभेचा. तथाकथित रूक्षता हा शास्त्रग्रंथाच्या रचनेचा परिणाम होय.

दासोपंतांचे (१५५१–१६१५) प्रमाण अधिक निर्णायक आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या वस्त्रावर लिहिलेली त्यांची 'पासोडी' पंचीकरणाचे विवरण करते. 'पदार्णवा'तील पदे गाण्यासाठी आहेत. कवी एक, उपास्य दत्तही एकच. परंतु विवरण पुढे सरकते, तर पद ध्रुपदाशी परतून एकाच भावाभोवती फिरते.

परळीचे जगमित्र नागा अभंगकार. अभंगाच्या अखेरची नाममुद्रा उक्तीला धनी मिळवून देते. सर्वांसाठी केलेला उपदेश त्यामुळे एका माणसाचे मनोगत बनतो.

या विवेचनाचा कालनिर्णयाशी निकट संबंध आहे. 'विवेकसिंधू'ची उपलब्ध भाषा अर्वाचीन वाटते, म्हणून त्याच्या काळाविषयी शंका घेतली जाते. परंतु नक्कल करणारा चरणाच्या मध्यातील रूप सहज बदलतो. यमकस्थानी एकच रूप बदलले तर तीन चरणांचा मेळ मोडतो. तिन्ही ठिकाणचा प्रत्यय सारखाच बदलला गेल्यास ही कसोटी फसते, हे खरे. तथापि जुनी रूपे यमकात टिकण्याचा संभव अधिक. म्हणून कालनिर्णयासाठी प्रथम यमकस्थानांची रूपे निवडून तपासावीत. सूर हा रचनेचा साक्षी आहे, काळाचा नव्हे.