अर्गवानाचा बहर

बाबर म्हटले की आपल्याला पानिपत आठवते. शाळेच्या पुस्तकात तो १५२६ या सनाबरोबर येतो आणि तोफांच्या धुरात निघून जातो. पुढे त्याच्या नावावरून जे राजकारण झाले, त्यात उरलासुरला माणूसही झाकला गेला. 'बाबराची औलाद' ही शिवी आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ऐकलेली असते. पण हा माणूस वसंत ऋतूत काय करीत असे, हे आपण क्वचितच वाचलेले असते.

त्याने ते स्वतःच लिहून ठेवले आहे. 'बाबरनामा' त्याने आपल्या मातृभाषेत, चगताई तुर्कीत लिहिला. अब्दुर्रहीम खानखानाने १५८९ मध्ये तो फारसीत आणला. त्यात लढाया आहेतच. पण डोंगर, झरे, फळे आणि फुले यांनीही कितीतरी पाने भरली आहेत.

बाबराने १५०४ मध्ये काबूल घेतले. शहराच्या उत्तरेला डोंगरउतारावर इस्तालिफ नावाचे गाव आहे. तिथली मोठी बाग उलुगबेग मिर्झाने मालकांकडून जबरदस्तीने घेतली होती. बाबराच्या हाती ती आली तेव्हा त्याने मालकांना तिची किंमत दिली आणि मगच ती आपली मानली. बागेच्या मधून एक पाणचक्की फिरेल एवढा ओढा वाकडातिकडा वाहत होता. तो त्याने सरळ करून घेतला. मुलूख तलवारीने घेणारा हा राजा बागेला मात्र किंमत मोजतो, ही नोंद मला महत्त्वाची वाटते.

इस्तालिफच्या खालच्या अंगाला ख्वाजा सेहयारान हा झरा आहे. वर चिनारांची सावली, दोन्ही बाजूंच्या उतारांवर ओकची दाटी आणि समोर सपाटीकडे अर्गवानाचे रान. आपला पांगारा किंवा पळस जसा पाने नसताना फुलतो, तसाच अर्गवान. वसंतात उघड्या फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुले लगडतात. तिथे पिवळा अर्गवानही होता आणि दोन्ही एकाच वेळी फुलत. बाबराने त्या झऱ्याला दगडी बांधकाम करवले, 'दह-दर-दह' म्हणजे दहा बाय दहाचे. आपल्या मशिदींतील हौदांच्या संदर्भात हे माप आपण ऐकलेले असते. चारही बाजूंना त्याने ओटे बांधले. हेतू एवढाच की, तिथे बसले म्हणजे अर्गवानाचे सगळे रान नजरेत यावे. हा बहर असताना जगात याच्या तोडीची दुसरी जागा असेल असे त्याला वाटत नव्हते. डोंगरपायथ्याच्या ट्युलिपच्या जातीही त्याने मोजायला लावल्या. त्या बत्तीस-तेहतीस भरल्या. त्यातल्या एकीला गुलाबासारखा वास होता, हेही तो सांगतो.

हा माणूस १५२६ मध्ये आग्र्यात येऊन पोचला, तो ऐन उन्हाळ्यात. धूळ, उकाडा, वाहत्या पाण्याचा अभाव! यमुनेपलीकडे बागेसाठी जागा पाहायला गेला, तर ती इतकी उजाड की त्याला शिसारी आली. पण दुसरी जागा नव्हती. मग आधी विहीर खणली, हौद बांधला, वाफे आखले, गुलाब आणि नर्गिस लावले. नदीच्या त्या काठाला आग्र्याचे लोक 'काबूल' म्हणू लागले.

हिंदुस्थानात त्याला अनेक उणिवा दिसल्या आणि त्या त्याने कडक शब्दांत लिहिल्या. पण जास्वंद, कण्हेर, केवडा ही फुले त्याच डोळ्यांनी निरखून त्याने त्यांचीही वर्णने केली. १५२८ मध्ये ग्वाल्हेरला त्याला गडद लाल कण्हेर दिसली. आग्र्याची फिकट होती. त्याने ग्वाल्हेरची रोपे नेऊन आग्र्याच्या बागांत लावली. पुढच्याच वर्षी काबूलच्या आपल्या जुन्या सोबत्याला लिहिलेल्या पत्रात तो कबूल करतो, की तिकडचे खरबूज कापताना आपल्याला रडू आले. एकाच माणसाच्या मनात गावाची ओढही होती आणि नव्या मातीत कण्हेर लावण्याची हौसही. यातली एक खरी आणि दुसरी खोटी, असे कोण ठरवणार?

'बाग' आणि 'हौद' हे शब्द मराठीत इतके मुरले, की ते बाहेरून आले हे सांगावे लागते. फळे विकणारा बागवान समाज आपल्या गावोगावच्या मंडईत आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याभोवती तीच चारबागेची आखणी आहे.

या बागा एकट्या बादशहाच्या नव्हत्या. बाबराची मुलगी गुलबदन बेगम हिने 'हुमायूननामा' लिहिला. राज्य हुमायूनकडे सोपवून बागेत जाऊन राहावे असे बाबराला वाटू लागले होते, ही आठवण तिनेच सांगितली. हुमायूनच्या काळात काबूलला असताना राजघराण्यातील स्त्रियांनी, वसंतात डोंगरावर उगवणारी रिवाजाची झुडपे पाहायला जाऊ द्या म्हणून बादशहाकडे आर्जव केले आणि त्या गेल्या. सोळाव्या शतकातील एका मुस्लिम स्त्रीने आपल्या वसंत-सहलीची नोंद करावी आणि ती आपल्यापर्यंत यावी, ही साधी गोष्ट नाही.

२६ डिसेंबर १५३० रोजी बाबर आग्र्यात वारला. तिथेच त्याला दफन केले; पण पुढे त्याचे अवशेष काबूलला नेले. डोंगरउतारावरच्या बागेत, उघड्या आकाशाखाली त्याची कबर आहे. शेजारी शाहजहानने संगमरवरी मशीद बांधली. १९९२ नंतरच्या यादवीत ही बाग उद्ध्वस्त झाली. आगाखान ट्रस्टने २००२ नंतर ती पुन्हा उभी केली, 'बाबरनाम्या'तील झाडे शोधून लावली. काबूलची कुटुंबे मुलाबाळांसह तिथे येऊ लागली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तालिबान राजवटीने काबूलच्या बागांमध्ये स्त्रियांना प्रवेशबंदी केली. धर्माच्या नावाने केली. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी गुलबदन त्याच डोंगरांकडे फुललेला वसंत पाहायला गेली होती. तीही मुसलमानच होती आणि पुढे हजही करून आली. इतिहास वाचायचा तो बाबराला निर्दोष ठरवण्यासाठी नव्हे. बागेचे दार कधी कुणासाठी उघडे होते, हे पोरीबाळींना सांगता यावे म्हणून तो वाचायचा.