मूळ प्रत आणि प्रतिकृती : लीळाचरित्रापासून संगणकीय भांडारापर्यंत

प्रस्तावना

संगणकीय प्रणालीचा सोर्स कोड ज्या भांडारात साठविला जातो, त्याची एक प्रत प्राथमिक व दुसरी दुय्यम सर्व्हरवर ठेवण्याची पद्धत आज रूढ झाली आहे. तंत्र नवे असले, तरी मूळ प्रत नष्ट झाल्यास कोणती प्रत प्रमाण मानावी, हा त्यामागील प्रश्न विदर्भाला सुमारे सातशे वर्षांपासून परिचित आहे. प्रस्तुत निबंधात या दोन अनुभवांचा एकत्रित विचार केला आहे.

लीळाचरित्राची परंपरा

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या. प्रत्यक्ष साक्षीदारांकडे जाऊन त्यांनी प्रत्येक आठवण पारखून घेतली. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ही मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथीय परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता अशा हिराइसा आदी अनुयायांच्या स्मरणातून तो पुन्हा सिद्ध झाला. मात्र स्मरणाच्या शाखा अनेक असल्याने पाठही अनेक झाले. पुढे नागपूर हे या ग्रंथाच्या अभ्यासाचे केंद्र ठरले. ह. ना. नेने यांनी १९३०च्या दशकात येथून लीळाचरित्राचे भाग प्रकाशित केले, तर नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली.

सर्व्हरची रचना

संगणकीय व्यवस्थेत पाठभेद टाळण्यासाठी एक नियम कटाक्षाने पाळला जातो : लेखन केवळ प्राथमिक सर्व्हरवर व्हावे, दुय्यम सर्व्हर वाचनापुरता राहावा. सबव्हर्जन या प्रणालीच्या २००६ मधील १.४ आवृत्तीत आलेले एसव्हीएनसिंक हे साधन मूळ भांडारातील प्रत्येक बदल क्रमाने दुय्यम भांडारात उतरविते. दुय्यम भांडारात परस्पर बदल झाल्यास हा क्रम बिघडतो. म्हणून तेथील थेट लेखन रोखावे लागते. २००८ मधील १.५ आवृत्तीपासून वाचन जवळच्या प्रतीतून, तर लेखन आपोआप मूळ सर्व्हरकडे, अशी योजना करता येऊ लागली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या गिट प्रणालीत सर्वसाधारणपणे प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास असतो; शिवाय प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या आशयावरून गणिताने काढली जात असल्याने पाठ बदलताच तो उघड होतो. पोथी उतरविणाऱ्या लेखकाजवळ असे साधन नव्हते.

प्रतिकृतीची मर्यादा

तथापि, केवळ प्रतिकृती म्हणजे सुरक्षितता नव्हे. मार्च २०१३ मध्ये केडीई या मुक्त प्रकल्पाच्या मुख्य सर्व्हरवरील फाइल-व्यवस्था बिघडली. दुय्यम सर्व्हर आज्ञाधारक असल्याने त्यांनी तो बिघाडही प्रामाणिकपणे उतरवून घेतला आणि सुमारे १५०० भांडारे नाहीशी होण्याची वेळ आली. या फेऱ्यातून सुटलेल्या एका सर्व्हरवरील अबाधित प्रतीमुळेच ती परत मिळाली. लीळाचरित्राच्या बाबतीत याच्या उलट घडले. तेथे प्रती मूळ पोथीशी जखडलेल्या नव्हत्या, म्हणून पाठभेद झाले; पण त्याच कारणाने मूळ पोथीबरोबर ग्रंथ बुडाला नाही.

निष्कर्ष

एकरूपता आणि अतिजीवन ही दोन भिन्न उद्दिष्टे असून एकाच योजनेतून ती दोन्ही साधत नाहीत, असे या विवेचनावरून दिसून येते. दुय्यम सर्व्हर यंत्र बंद पडल्यास उपयोगी पडतो. चुकीने पुसलेले परत मिळविण्यासाठी मात्र मूळ सर्व्हरपासून तुटलेली, दिनांकित अशी तिसरी प्रत लागते. तिच्यातून भांडार खरोखर उभे राहते की नाही, याची चाचणीही नियमितपणे घ्यावी लागते. ज्या महाविद्यालयांत प्रबंध, हस्तलिखितांच्या प्रतिमा व विद्यार्थ्यांचे प्रकल्प एकाच संगणकावर साठविलेले असतील, त्यांनी हा विचार विलंब न लावता करावा. म्हाइंभटांची पोथी हरवली तेव्हा ती मुखोद्गत असलेली माणसे होती. आपल्या संगणकातील मजकूर कोणालाही पाठ नाही.