डोलाची काठी

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आम्ही गेली अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. 1715 च्या या ग्रंथातील आरमाराच्या प्रकरणाशी पोचलो, की आमचे व्याख्यान ठरल्या जागी विसावते. रयतेने वाढविलेल्या आंब्या-फणसांस हात लावू नये, ही ती ताकीद. प्रजावात्सल्य आणि अलीकडे पर्यावरणाचे भान, असे दोन मुद्दे फळ्यावर लिहिले, की तास संपतो. त्याच परिच्छेदाच्या आरंभी आरमारास थोर लाकूड कशाकशासाठी लागते हे सांगताना अमात्य तख्ते, सोट आणि डोलाच्या काठ्या यांची नावे घेतात. त्या शब्दांवरून आम्ही भरधाव पुढे जातो. डोल म्हणजे गलबताचा शीड पेलणारा खांब. खाडीकाठच्या कल्याणात आणि ठाण्यात राहूनही 'डोल' म्हटल्यावर आम्हांस 'डोलणे' एवढेच आठवावे, ही गोष्ट अलीकडे सलू लागली आहे.

ज्या आरमारासाठी अमात्य हे नियम घालून देतात, त्याचा आरंभ आमच्या परिसरातला. ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे तारवे बांधली जात असल्याची चिंता 1659 च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात उमटली आहे. या कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज होता; वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मन वळविल्यावर तो आपल्या माणसांसह काम सोडून निघून गेला. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरांतून उजेडात आणलेला हा प्रसंग इतिहासग्रंथांत दोन ओळींत आटोपतो. पण कारागीर गेला म्हणजे त्याच्याबरोबर हातचे ज्ञानही जाते. नवे तारू पाण्यात लोटण्याचा सोहळा एक दिवसाचा. पुढे ते तारू वर्षानुवर्षे चालते ठेवायचे, तर मोडलेले बदलणारे आणि झिजलेले बांधणारे हात जवळ असावे लागतात. ते हात पुढे कोळी, भंडारी, गाबीत अशा दर्यावर्दी जातींतून आणि किनाऱ्यावरच्या सुतारांतून मिळाले.

डोल सतत ताण सोसतो. त्याचा बुडखा तळाशी खाचेत बसविलेला असतो. वरून तिरकस आडव्या काठीचा आणि भरल्या शिडाचा भार. वाऱ्याच्या बाजूने ओढून धरणारे दोर सैल पडले, की हा भार एकट्या लाकडावर येतो आणि ते तडकते. दोर बहुधा काथ्याचे. काथ्याला खाऱ्या पाण्याचे भय कमी, पण जिथे तो कप्पीवर घासतो तिथे तंतू-तंतूने तुटत जातो. म्हणून झिजलेला भाग वेळीच बदलावा लागे. शिडाची आडवी काठी पुष्कळदा दोन लाकडे एकमेकांवर चढवून दोरांनी आवळलेली असे; एक मोडले तर तेवढेच बदलता येई. तडकलेल्या डोलालाही बाजूने आधाराची लाकडे लावून, दोर घट्ट गुंडाळून बंदरापर्यंत निभावून नेता येई. पण बंदरात आल्यावर नवी काठी हवीच, आणि ती उंच, सरळ, एकसंध हवी. दोन-तीन डोलांची गुराब म्हटली, म्हणजे तसे दोन-तीन वृक्ष.

आता अमात्यांचा परिच्छेद पुन्हा वाचावा. स्वराज्यातील अरण्यांतले सागवान जे अनुकूल पडेल ते हुजूरच्या परवानगीने तोडावे. अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबे-फणसही आरमाराच्या उपयोगाचे आहेत, हे ते आधी मान्य करतात आणि मगच मनाई करतात. झाड जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, एवढीच सवलत. आंब्याचे खोड लवकर फांदते. त्याच्या फळ्या निघतील, उंच डोल क्वचितच. म्हणजे मोह डोलापुरता नव्हता. दर पावसाळ्यानंतर दुरुस्तीस निघणाऱ्या ताफ्याची लाकडाची भूक संपणारी नव्हती, आणि त्या भुकेपुढे हाताशी असलेले पहिले झाड रयतेच्या परसातले. अमात्यांची करुणा खरी आहे. पण ती दुरुस्तीचा हिशेब ठाऊक असलेल्या कारभाऱ्याची करुणा आहे. गरज किती मोठी हे न सांगता आम्ही ती शिकविली, आणि म्हणून ती सुभाषितासारखी गुळगुळीत झाली.

अमात्यांच्या घराण्याचा या मुलखाशी जवळचा संबंध. कल्याणच्या मोहिमेशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते आबाजी सोनदेव त्यांचे चुलते. ते आठवत परवा आम्ही दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडी पाहत उभे राहिलो. पाण्यावर शीड एकही नव्हते. यंदा वर्गात हा परिच्छेद येईल तेव्हा आंब्या-फणसांकडे आम्ही जाऊच. पण त्याआधी फळ्यावर एक उभी रेघ ओढू, तिला दोर बांधू, आणि ही काठी मोडली तर नवी कुठून आणाल, एवढे विचारू.