सहाबारी पिस्तुलाचा शिधा

शस्त्रांचा इतिहास सांगताना शस्त्राचे वर्णन पुष्कळ होते. त्या शस्त्राला काय काय पुरवावे लागे, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. अमेरिकेतील सॅम्युएल कोल्ट याने १८३६ साली ज्या फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले, त्याच्या बाबतीत तर हे विशेषच घडले आहे. पाच-सहा बार एका हातात घेऊन निघालेल्या मनुष्याला दुसऱ्या कोणाच्या साहाय्याची गरज नाही, अशी त्या पिस्तुलाची कीर्ती झाली. परंतु या स्वावलंबी दिसणाऱ्या शस्त्राची पोतडी उघडून पाहिली, तर तिच्यातील एकेक वस्तू दूरदूरच्या देशांचे आणि अनेक अनामिक हातांचे ऋण सांगू लागते.

कोल्टचे १८५१ च्या नमुन्याचे ‘नेव्ही’ पिस्तूल उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या नळीचे माप ०.३६ इंच, म्हणजे सुमारे नऊ मिलिमीटर होते. हौशी गिऱ्हाइकाला ते अस्तर लावलेल्या लाकडी पेटीत मिळे. पेटीत पिस्तुलाशेजारी दारूची धातूची कुप्पी, शिशाच्या गोळ्या ओतण्याचा साचा, टोप्यांची पत्र्याची डबी आणि मळसूत्रे फिरविण्याची किल्ली अशा वस्तू मांडलेल्या असत. यांतील एकही वस्तू शोभेची नव्हती. कुप्पीच्या चोचीत नेमकी एका बाराची दारू मावे. नळकांड्याच्या सहा घरांपैकी प्रत्येकात पुढच्या बाजूने सुमारे २५ ग्रेन दारू घालावयाची आणि तिच्यावर गोळी ठेवावयाची. या हिशेबाने एक रतल दारूत २८० बार निघत. गोळी मुद्दामच घरापेक्षा किंचित मोठी असे. नळीखालच्या दांड्याने ती आत दाबली, की तिच्या कडेचे शिसे वर्तुळाकार तासले जाई आणि ती घट्ट बसे. तोंडावर चरबी किंवा मेण मिसळलेले वंगण चोपडीत. शेवटी घरांच्या मागील पोकळ बोंड्यांवर तांब्याच्या लहानशा टोप्या बसवावयाच्या. घोडा टोपीवर आपटला, की आतील स्फोटक द्रव्य पेटे आणि ठिणगी दारूपर्यंत पोहोचे.

या कामात हयगय झाली, तर शिक्षा तत्काळ मिळे. गोळी सैल बसली किंवा टोपी नीट बसली नाही, तर एका घराची आग शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडण्याचा धोका असे. टोपीवर टेकलेल्या घोड्याला धक्का लागून बार उडू नये, म्हणून सावध मनुष्य सहापैकी एक घर रिकामेच ठेवी. शिवाय ही काळी दारू जळाली, की तिचा निम्म्याहून अधिक भाग घन मळीच्या रूपाने मागे उरतो. ती मळी हवेतील ओल शोषून लोखंड गंजविते. म्हणून कढत पाणी, साबण, चिंध्या आणि तेल यांचाही या शिध्यात समावेश करावा लागे.

या साऱ्यांत आकाराने सर्वांत क्षुद्र वस्तू म्हणजे टोपी. तिच्या पूर्वी चकमकीच्या बंदुकीत रंजकाची दारू उघड्यावर पेटे. पाऊस आला की ती भिजे आणि तिचा झोत पाहून शिकारीतील पक्षीही उडून जात. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग करून १८०७ साली नव्या चापाचे पेटंट घेतले. पुढे १८२० नंतरच्या दशकात तांब्याची टोपी रूढ झाली. फिरते पिस्तूल व्यवहार्य ठरले, ते या टोपीमुळेच.

दारूचे घटक तीनच : साधारणतः ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. कोळसा कोठेही पाडता येई. गंधक मुख्यतः सिसिली बेटातून येई. सोऱ्याचे सर्वांत मोठे आगर मात्र आपल्या बिहारात होते. पावसाळा संपून जमीन वाळू लागली, की सारण आणि तिरहुत भागांतील खेड्यांत घरांच्या भिंतींच्या बुडाशी आणि गोठ्यांच्या आसपास पांढरी बुरशी उठे. नोनिया जातीचे लोक ती माती खरवडीत, पाणी घालून निथळून घेत आणि ते पाणी कढवून कच्चा सोरा पाडीत. व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या आगाऊ रकमेत ते बांधलेले असत. हा माल पाटण्याहून कलकत्त्यास आणि तेथून इंग्लंडला जाई.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेव्हा या मातीचे मोल एकदम प्रकट झाले. चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावरील क्षार सुरुंगाच्या दारूस चाले; परंतु तो ओल धरीत असल्याने बंदुकीस निरुपयोगी होता. तेव्हा उत्तरेच्या सरकारने दारूच्या कारखानदारांपैकी लॅमो द्यू पाँ यास गुप्तपणे इंग्लंडला धाडले. त्याने तेथील बाजारात भारतीय सोऱ्याची प्रचंड खरेदी केली. इतक्यात उत्तरेच्या युद्धनौकेने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपालबोटीवरून दक्षिणेचे दोन वकील पकडून नेले. संतप्त ब्रिटिश सरकारने सोऱ्याची निर्यातच बंद केली. वकिलांची मुक्तता झाल्यावर, १८६२ च्या जानेवारीत, हा माल मोकळा झाला. दोन राष्ट्रांच्या मानापमानाच्या या वादात सारणच्या गोठ्यांतील माती एका पारड्यात पडली होती!

दक्षिणेची स्थिती याहून बिकट होती. तिने गुहांतील माती निथळली, नाकेबंदी चुकवून सोरा आणविला आणि ऑगस्टा येथील कारखान्यात १८६२ ते १८६५ या काळात सुमारे साडेसत्तावीस लाख रतल दारू काढली. शिशासाठी मोबील शहरातील नळ आणि चार्ल्सटनच्या खिडक्यांची वजने गोळा झाली. पिस्तुले तर जॉर्जियातील ग्रिझवोल्डव्हिल येथे पितळी सांगाड्यावर बांधण्यात आली. त्यांची संख्या सुमारे ३,६०० भरली. कोल्टने १८६० च्या नमुन्याची सव्वा लाखाहून अधिक पिस्तुले एकट्या उत्तरेच्या सरकारला विकली, हे पाहता ही संख्या किती तोकडी, ते कळते. पण खरी अडचण झाली ती टोप्यांची. टेनेसीतील तांब्याच्या खाणी १८६३ च्या अखेरीस हातच्या गेल्या. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायनातील टर्पेंटाइनच्या आणि ब्रँडीच्या भट्ट्यांची तांब्याची भांडी कापून टोप्या घडवाव्या लागल्या. पारा मिळेना, म्हणून स्फोटक द्रव्यही बदलावे लागले.

हा शिधा बांधणारे हात बहुतांशी बायकामुलींचे होते. १७ सप्टेंबर १८६२ रोजी पिट्सबर्गजवळच्या ॲलेघेनी शस्त्रागारात स्फोट होऊन ७८ माणसे मेली. १३ मार्च १८६३ रोजी रिचमंडच्या ब्राउन बेटावर तसाच स्फोट होऊन चाळीसहून अधिक जीव गेले. दोन्ही ठिकाणी मृतांत मुलींचाच भरणा होता. एक कारखाना उत्तरेचा, दुसरा दक्षिणेचा. काडतुसे भरणाऱ्या मुलींच्या वाट्याला आलेले मरण दोन्हीकडे सारखेच.

पुढे धातूची काडतुसे मागून भरता येणाऱ्या आरपार घरांच्या नळकांड्यावरील अमेरिकेतील पेटंटाची मुदत १८६९ साली संपली आणि कोल्टच्या कारखान्याने १८७३ साली नवे पिस्तूल बाजारात आणले. टोपी, दारू आणि गोळी ही एकाच नळीत सामावली, आणि कुप्पी-साच्यांची पोतडी विस्मृतीत गेली. १८८४ साली फ्रान्समध्ये धूररहित दारू सिद्ध झाल्यावर सोऱ्याचे राज्यही संपत आले. इटलीतील ब्रेशा परिसरात या जुन्या पिस्तुलांच्या प्रतिकृती आजही होतात आणि निशाणबाजीचे शौकीन तीच कुप्पी, तेच वंगण आणि त्याच टोप्या घेऊन मैदानात उतरतात. हा शिधा आता त्यांना दुकानात आयता मिळतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र प्रत्येक बारामागे एक नोनिया भिंतीच्या बुडाशी वाकलेला असे, आणि टोप्या-काडतुसे भरणारी एखादी मुलगी आपला जीव धोक्यात घालून कारखान्यात बसलेली असे. एकट्या स्वाराची कथा सांगताना त्या दोघांनाही विसरता कामा नये.