सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल

परदेशात जाऊन श्रमदानाने सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांची संघटना. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले फ्रान्समधील गाव पुन्हा उभारण्यासाठी स्विस शांततावादी पिएर सेरेझोल यांनी १९२० मध्ये तिची सुरुवात केली. १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारमध्येही आले. १९५० च्या दशकात वरोऱ्याजवळील आनंदवनात संघटनेच्या विविध देशांतील तरुणांनी कुष्ठरुग्णांसाठी इमारती बांधल्या. तोवर आनंदवनातील भाजीपाल्याला गावात गिऱ्हाईक नव्हते. परदेशी पाहुणे तोच भाजीपाला खातात, हे पाहून वरोरेकरांची भीती ओसरली व विक्री सुरू झाली. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. मात्र गोंदियासह पूर्व विदर्भात त्याचे रुग्ण आजही आढळतात. त्यामुळे त्या तरुणांच्या सहभोजनाचे महत्त्व कायम आहे.