आरसी बुकात न मावलेला धूर

मोटारीचा सायलेन्सर बदलणे किंवा धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढून टाकणे कायदेशीर आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता परिवहन कार्यालयाच्या खिडकीवरचा आहे. पण कायदा हीदेखील एक संहिता असते, तिलाही पाठभेद असतात, आणि कोणत्या शब्दाच्या जागी कोणता शब्द केव्हा आला यावर माणसाचा दंड ठरतो. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी ती वाचायला हरकत नसावी. रायगडचा किनारा नजरेसमोर ठेवून वाचली, तर ती अधिकच बोलकी होते. मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबई समोर दिसते, लाँचने तासाभराचे अंतर. धुराच्या बाबतीत मात्र हे दोन काठ दीर्घकाळ दोन निराळ्या नियमांखाली नांदत होते.

पहिला पाठ 1939 च्या मोटार वाहन कायद्याचा. त्यातील कलम 32 चा रोख एवढाच की, गाडीत बदल होऊन नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील खरे राहिले नाहीत, तर सरकारदप्तरी त्याची नोंद झाली पाहिजे. चिंता वजनाची, आसनांची, ओघानेच कराची होती, धुराची नव्हती. पुढे महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसल्या. फेरफार हा तेव्हा गुन्हा नव्हता, निकड होती.

1988 चा कायदा 1 जुलै 1989 पासून अमलात आला. त्यातील कलम 52 ने बदलाआधी सूचना आणि मंजुरी आवश्यक ठरवली, पण कसोटी जुनीच ठेवली: प्रमाणपत्रातील तपशील बिनचूक राहतात की नाही. मालकाने बदल करावा, दप्तराला कळवावा, दप्तराने पुस्तकात दुरुस्ती करावी, असा हा सरळ व्यवहार. पेट्रोलच्या ॲम्बेसेडरमध्ये किंवा प्रीमियर पद्मिनीत डिझेलचे इंजिन बसवणे त्या काळी महाराष्ट्रात सर्रास चाले, आणि मंजुरी घेतली तर ते वैधही होते. इंधनाच्या रकान्यातला एक शब्द बदलला की काम झाले.

धुराला स्वतःची भाषा मिळाली ती 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत. नियम 115 ने पेट्रोलवरच्या चारचाकी गाडीच्या धुरात, इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असे ठरवले, दुचाकी-तिचाकींना 4.5 टक्के. नियम 112 ने धूर खाली किंवा गाडीच्या डाव्या बाजूला सोडू नये असे सांगितले. डावीकडे पादचारी असतो, एवढी साधी माणुसकी त्यात आहे. नियम 120 सायलेन्सरविषयी. इंजिनातून सुटणाऱ्या वायूंचा आवाज व्यवहारात शक्य तितका कमी करणारे साधन प्रत्येक गाडीला हवे, असा त्याचा आशय. हे 'शक्य तितका' आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. कायद्याच्या भाषेत असा सैल शब्द आला, की त्याचा अर्थ रस्त्यावर उभा असलेला शिपाई लावतो.

यानंतर दोन काठांची गोष्ट सुरू होते. एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या धातूंचा पातळ थर असतो. त्यावरून जाताना विषारी वायूंचे रूपांतर होते. पेट्रोलमधील शिसे त्या थरावर बसले की तो निकामी होतो, आणि पुन्हा जिवंत होत नाही. शिसेविरहित पेट्रोल देशभर पोहोचले ते 1 फेब्रुवारी 2000 रोजी. मधल्या वर्षांत त्याचा पुरवठा टप्प्याटप्प्याने वाढला, पण सर्वत्र नव्हता. मुंबईत नोंदवलेली नवी मोटार पनवेल-पेण-वडखळ करीत मुरुडकडे निघाली आणि वाटेत शिसेयुक्त पेट्रोल भरावे लागले, तर गाडीतले एक कायदेशीर यंत्र एका कायदेशीर पेट्रोल पंपावर मरत होते. मालकाने पान्याला हातही न लावता फेरफार झालेला असे! अशा फेरफाराला शिक्षा कोणाला करायची, याचे उत्तर कोणत्याही कलमात नव्हते.

मानकांचा इतिहासही असाच दुभंगलेला. भारत स्टेज 2 मुंबईत 2001 मध्ये, देशभर 2005 मध्ये; स्टेज 3 मुंबईत 2005, देशभर 2010; स्टेज 4 मुंबईत 2010, देशभर 2017. एप्रिल 2020 चा स्टेज 6 सर्वत्र एकदमच आला; हा भेद मिटला तो 2017 मध्ये. तोवर, कोणता धूर निर्दोष हे मोटार कोठे नोंदली यावर अवलंबून होते. वारा मात्र नोंदणीचा पत्ता विचारून वाहत नाही.

खरा पाठभेद 2000 सालच्या दुरुस्तीने झाला. कलम 52 आता म्हणू लागले की, प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठीच्या रूपांतराला वाट ठेवली, पण कसोटीच बदलली. पूर्वी पुस्तक गाडीप्रमाणे सुधारायचे. आता गाडीने कारखान्याच्या मूळ संहितेशी इमान राखायचे. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीद दिली, त्याची येथे आठवण होते. फरक असा की एकनाथांसमोर अनेक प्रती होत्या; कायद्याने उत्पादकाची प्रत न तपासता शुद्ध मानली, असे मात्र नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नमुना-गाडी तपासली जाते. तरीही 2015 मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनांतील सॉफ्टवेअर चाचणी ओळखून वागते हे अमेरिकेत उघड झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात 3,23,700 गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्यात आल्या. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला 500 कोटींचा दंड केला; त्याच्या वसुलीसाठीची सक्तीची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने थांबवली. प्रक्षेप मूळ संहितेतच असेल तर पाठशुद्धी कोणी करायची?

त्याच 2019 च्या 9 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात कलम 52 चा कठोर अर्थ कायम केला: उत्पादकाच्या तपशिलाबाहेरचा बदल चालणार नाही. पाठोपाठ आलेल्या दुरुस्तीत कलम 182अ अन्वये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि कलम 190 अन्वये आवाज व हवाप्रदूषणाच्या मानकभंगासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

आता किनाऱ्यावरच्या गाडीकडे पाहू. खाऱ्या हवेत सायलेन्सरचा पत्रा लवकर कुजतो. रेवदंड्याचा किंवा चौलचा मालक कंपनीच्या सुट्या भागाची किंमत ऐकतो आणि वेल्डिंगवाल्याकडून साधा पाइप जोडून घेतो. आरसी बुकात सायलेन्सरचा रकाना नसतो, त्यामुळे काटेकोर वाचनात हा कलम 52 चा भंग ठरेलच असे नाही. पण आवाज वाढतो, नियम 120 लागू होतो, आणि तो कानांना ऐकू येत असल्याने लगेच पकडला जातो. फटाके फोडणाऱ्या बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून येतात. ती कारवाई योग्यच, आवाजाने त्रासलेल्यांपैकी आम्हीही आहोत.

दुसरी गाडी शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून, 2020 मध्ये सुरू झालेल्या रो-रो बोटीतून मांडव्याला उतरते. डिझेलवरची, महाग, आवाज अगदी मुलायम. तिच्यात ईजीआर, म्हणजे धुराचा काही अंश पुन्हा इंजिनात नेऊन ज्वलनाचे तापमान उतरवणारी झडप, ताकद वाढावी म्हणून बंद केलेली असू शकते. तसे केल्याने नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. आणि पीयूसी चाचणी डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजते, ऑक्साइडे मोजत नाही. त्यामुळे ही गाडी तीत बिनदिक्कत उत्तीर्ण होते. आवाज नाही, काजळी नाही, कागद पूर्ण.

अलीकडच्या नोंदणी प्रमाणपत्रांवर उत्सर्जन मानकाची एक ओळ छापलेली असते: भारत स्टेज 4, भारत स्टेज 6. झडप बंद झाली त्या दिवशी ती ओळ खोटी झाली. रेवदंड्याच्या कुजलेल्या पाइपाने मात्र त्याच्या पुस्तकातला एकही शब्द खोटा केलेला नाही.